आबांच्या ‘मासोळी’चे दोर

आमच्या आजोबांनी, म्हणजे आबांनी केलेल्या ‘मासोळी’ ह्या छोट्या शिडाच्या होडीच्या सुकाणूच्या दांड्यावर अर्धचंद्रासारखी एक पितळी पट्टी आहे. मधल्या खिळीच्या डावीकडं पाच भोकं, उजवीकडं पाच. चिंच लावून हिरवा गंज काढला तेव्हा दिसलं, की दोन्ही बाजूंचं तिसरं भोक आता गोल राहिलेलं नाही. दोरानं बाहेरचा अंग खाऊन खाऊन ते तांदळाच्या दाण्यासारखं लांबट झालंय. बाकीची आठ भोकं कालच पाडल्यासारखी. म्हणजे आबा दोर बहुतेक वेळा तिसऱ्याच भोकात अडकवत होते. मग मी सुई-दोऱ्याचा डबा बाजूला ठेवला आणि हातात भिंग घेऊन सगळी होडी नव्यानं बघायला बसलो.

माझं सांगलीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या शेतीपंपाच्या मोटारी येतात, त्या भरून द्यायच्या. दिवसभर हातात तांब्याची तार, लेदराइड पेपर, सुती दोरा आणि व्हार्निश. होड्या दुरुस्त करणं हे माझं काम नव्हे. पण ही होडी आमच्या आजोबांनी स्वतःच्या हातानं केलेली आहे, आणि घरात हत्यार धरणारा आता मीच उरलोय.

आबा मुंबईला गोदीत सुतार होते. तिथल्या एका इंजिनियरनं दिलेल्या इंग्रजी नकाशावरून त्यांनी ही होडी केली. फळीवर फळी चिकटवून मग आतून-बाहेरून कोरत आणलेली. खाली शिशाचं वजन, डेकवर छोटं झाकण, मागच्या बाजूला लाल रंगात ‘मासोळी’. झाकणाच्या आतल्या अंगाला शिसपेन्सिलीनं १९५८ लिहिलंय. लहानपणी आम्ही भावंडं तिला खेळणं समजायचो आणि हात लावला की मार खायचो. यंदा टेप लावला तेव्हा लांबी बरोबर ५० इंच भरली, आणि कोडं सुटलं. मॉडेल यॉटमध्ये, म्हणजे शिडाच्या छोट्या नमुना-होड्यांमध्ये, मार्बलहेड नावाचा एक प्रकार आहे. अमेरिकेतल्या मार्बलहेड गावात १९३० च्या आसपास तो ठरला. नियम मूळचा अगदी सुटसुटीत: होडी ५० इंच लांब आणि शिडांचं क्षेत्रफळ ८०० चौरस इंचांपर्यंत. आबांची जुनी शिडं फाटलेली होती, पण कडा शाबूत होत्या. मोठं शीड ६४ इंच उंच, पायाला १५ इंच. पुढचं छोटं, त्याला जिब म्हणतात, ते ५० इंच आणि पायाला साडेबारा. निम्मं निम्मं करून बेरीज केली तर ७९२.५. गोदीतल्या सुतारानं ८०० च्या नियमात साडेसातच चौरस इंच मोकळे सोडले होते. त्या रात्री मी बायकोला उठवून हा हिशोब दाखवला.

होडीची ही दशा महापुरानं केली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ ची. आमचं जुनं घर गावभागात. सोप्यात सात फूट पाणी होतं. मासोळी कोपऱ्यात तिच्या लाकडी घडवंचीवर उभी होती, डोलकाठीसकट. पाणी चढलं तशी ती आपोआप घडवंचीवरनं उचलली गेली असणार. चार फुटांवर पाणी आलं तेव्हा काठीचं टोक तुळईला टेकलं, आणि पाणी तर आणखी तीन फूट चढायचं होतं. आम्ही परत आलो तेव्हा ती दिवाणावर आडवी पडलेली होती. काठी टोकापासून १७ इंचांवर मोडलेली, डाव्या अंगाचे ताण, म्हणजे काठी धरणाऱ्या तारा, तुटलेले, उजव्या अंगाचे गुंतलेले, आणि सगळ्यावर बोटभर गाळ. मी ती नळाखाली धुतली, जुन्या साडीत गुंडाळली आणि वरच्या खोलीत ठेवली. त्या वर्षी तालुक्या-तालुक्यातनं चिखल भरलेल्या मोटारी दुकानाबाहेर रांगेनं पडल्या होत्या. होडीसाठी वेळ काढणं मनाला पटत नव्हतं. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत साडीचं गाठोडं पुन्हा हाती लागलं.

काठी आणि शिडं यांचं थोडक्यात सांगतो, कारण ते तुलनेनं सरळ काम होतं. काठी १२ मिलिमीटर जाड. मोडलेली टोकं तिरकी तासून एकावर एक बसवली आणि तिरकस सांध्याची लांबी जाडीच्या बारापट, म्हणजे जवळजवळ सहा इंच ठेवली. आखूड सांधा केला तर पहिल्या जोराच्या वाऱ्यात तिथंच मोडणार. शिडांना कापड पेठेतनं घट्ट विणीचं केंब्रिक आणलं. बेतताना बायकोनं एकच प्रश्न विचारला, “ह्यातली कुठली कड वाऱ्यात मोकळी राहणार?” मागची, म्हटलं. तिनं ती कड कापडाच्या काठाला समांतर धरली आणि बाकीच्या बाजू उरेब जाऊ दिल्या. उरेब कड ताणली की लांबते, आणि मोकळी कड लांबली की शीड पिशवीसारखं होतं. जुनं शीड उलटून बघितलं तर आबांनीही तसंच बेतलं होतं. शिवणकाम करणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

खरं काम दोरांचं. मांडवाच्या खांबाला चारी बाजूंनी ताण देतात, तसे काठीला दोन्ही अंगांना दोन दोन ताण, पुढं एक, मागं एक. हे एकदा बांधले की हलत नाहीत. त्याशिवाय हलते दोर: शिडं वर चढवायचे, खाली ओढून धरायचे, आणि शीड किती उघडायचं ते ठरवणारे. ह्या शेवटच्याला आबा ‘दामण’ म्हणायचे. गोदीतल्या खलाशांकडून उचललेला शब्द. ह्या हलत्या दोरांवर बोटाच्या नखाएवढ्या, तीन भोकांच्या चकत्या असतात. इंग्रजीत त्यांना बाउझी म्हणतात. दोराचं टोक एका कडेच्या भोकात गाठीनं अडकलेलं, आणि तोच दोर फिरून येऊन उरलेल्या दोन भोकांतनं गेलेला. चकती दोराच्या ओळीत सरळ धरली की सरकते. सोडून दिली की ताणानं तिरकी होते आणि दोराला चावून बसते. ना स्क्रू, ना स्प्रिंग. आबांनी त्या शिंगाच्या जुन्या फणीतनं कापल्या होत्या. अकरातल्या चार उरल्या, बाकीच्या पुरात गेल्या.

प्लास्टिकच्या करून बघितल्या. भोकाच्या कडा गुळगुळीत होतात आणि महिन्याभरात चकती दोर धरायची सोडते. मग एका गुरुवारी मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलो. फरीदसाहेब शिकलगारांच्या काळापासून, म्हणजे दीडशेच्या वर वर्षं, तिथं सतारी आणि तंबोरे होतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं. माझ्या ओळखीचे एक चाचा तिथं तंबोऱ्यांच्या घोड्या, म्हणजे तारा जिच्यावरनं जातात त्या पट्ट्या, घासतात. त्यांच्याकडं घोडीला लागणाऱ्या हाडाचे बारीक तुकडे पडलेले असतात, ते मागायला गेलो होतो. आबांची एक चकती त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती बोटानं दोरावर मागं-पुढं सरकवली आणि म्हणाले, “हा तर मणी आहे. आमच्यात तारेवर असतो, तुमच्यात दोरावर.” तंबोऱ्याची तार खुंटीनं ढोबळ लावली की घोडीच्या खालच्या बाजूचा मणी सरकवून बारीक सूर मिळवतात, ते मी शंभर वेळा बघितलं होतं. पण डोक्यात दोन्ही गोष्टी कधी शेजारी आल्या नव्हत्या. तेव्हापासून आमच्या घरात बाउझीला मणीच म्हणतात. चाचांनी सात तुकडे दिले, पैसे घेतले नाहीत. एक मिलिमीटरच्या बिटानं भोकं पाडली आणि कडा सुती दोऱ्यानंच घासून घेतल्या, म्हणजे दोर कापणार नाहीत, पण धरतील.

दोरही बदलून बदलून ठरला. आधी नायलॉनचा घेतला. ओला झाला की लांबतो, दोन मिनिटांत शीड ढिलं. शेवटी जाळी विकणाऱ्याकडं वेणीची पॉलिस्टर दोरी मिळाली. टोकांना मोटारीच्या कॉइलला बांधतो तशी सुती दोऱ्याची आवळ दिली, वर मेण आणि व्हार्निशचा थेंब. इथं मात्र माझा हात सरावाचा होता. पस्तीस टोकं एका बैठकीत झाली.

आता चूक सांगतो. काठीच्या ताणांसाठी स्टीलची बारीक तार घेतली, आणि ती आवळायला सायकलचे आरे आणि निपल. आऱ्याचा आटेवाला तुकडा तारेला, निपल डेकच्या पट्टीला; फिरवलं की तार आखडते. युक्ती चांगली आहे, मला आजही आवडते. पण मोटारीची कॉइल बांधताना आम्ही आवळतो म्हणजे आवळतोच. ढिली राहिली तर थरथरून वार्निश फुटतं आणि मोटार परत येते. त्याच हातानं मी आधी उजव्या अंगाचे दोन्ही ताण पक्के केले, मग डाव्या अंगाला आलो. काठी मध्ये येईना, म्हणून अजून दोन फेरे दिले. कट्ट आवाज झाला. डाव्या अंगाची पितळी पट्टी तीन स्क्रूंसकट, कडेच्या लाकडाची वीतभर ढलपी घेऊन वर आली. साठ वर्षं टिकलेलं, महापुरातनं वाचलेलं लाकूड मी आऱ्याच्या निपलनं फाडलं होतं. मी दुकानाचं शटर ओढून घेतलं आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो.

ढलपी चिकटवून, खाली नवी पट्टी घालून ती जागा नीट व्हायला तीन आठवडे गेले. मध्ये चाचांना चकत्या दाखवायला गेलो तेव्हा हेही सांगितलं. ते एका नव्या तंबोऱ्यावर तारा चढवत होते. हात न थांबवता म्हणाले, “एक तार एकदम वर न्यायची नाही. चारही थोड्या थोड्या, फिरून फिरून. मध्ये एक रात्र ठेवायची. सकाळी उतरलेल्या असतात, परत न्यायच्या. नाहीतर दांडी एका अंगाला जाते.” आणि खरंच, त्यांचा हात पहिल्या खुंटीवर अर्धा फेरा देऊन दुसरीवर गेला होता.

मी वहीत सहा रकाने आखले. सहाही निपल शून्यावर, म्हणजे तार नुसती लोंबत नाही इतपत. मग प्रत्येकाला एक फेरा, समोरासमोरच्या जोडीनं. उजवा-डावा, उजवा-डावा, पुढचा-मागचा. काठीच्या टोकाला दोरा बांधून खाली नट लोंबकळत सोडलेला, तो डेकच्या मधल्या रेषेवर आहे का बघायचं. चार फेऱ्यांवर थांबलो, रात्रभर ठेवलं. सकाळी बोटानं छेडून बघितलं तर डावीकडचे ताण उतरले होते, कारण त्या बाजूचं नवं चिकटवलेलं लाकूड अजून बसत होतं. असं पाच दिवस केलं. शेवटी जे ताण राहिले ते माझ्या हाताला ढिलेच वाटत होते. पण काठी शेंड्यापर्यंत सरळ होती आणि पट्ट्या जागच्या हलल्या नव्हत्या.

आणि मग सुकाणूवरची ती पितळी पट्टी. मुलं बघायला आली की पहिला प्रश्न एकच: रिमोट कुठाय? मासोळीला रिमोट नाही, बॅटरी नाही. तिला सोडून दिलं की ती स्वतःच स्वतःला हाकते आणि तेही दोरांनीच. वारा मागून असला की मोठं शीड एका अंगाला पसरतं आणि होडीचं नाक वाऱ्याकडं वळायला बघतं. झोत आला की शिडाची दामण ओढली जाते. ही दामण डेकवरनं मागं येते, आणि तिचे दोन फाटे कात्रीसारखे एकमेकांना ओलांडून पट्टीच्या उलट्या बाजूच्या भोकांत जातात. झोत जितका जोराचा, तितका ओढ जास्त, तितकं सुकाणू उलटं वळून नाक जागेवर आणतं. झोत ओसरला की मागच्या बाजूचं रबर सुकाणूला परत मध्ये ओढतं. बाहेरचं भोक घेतलं तर दोराला जोर जास्त मिळतो, आतलं घेतलं तर कमी. ह्याला ब्रेन गिअर म्हणतात, जॉर्ज ब्रेन नावाच्या इंग्रज माणसावरून. मी आयुष्यभर विजेवर चालणाऱ्या वस्तू दुरुस्त केल्या. वारा ज्यानं होडीला चुकवतो, त्याच ओढीनं तिला सुधारणारी ही रचना समजली तेव्हा मी पट्टी हातात घेऊन नुसता उलटसुलट करत राहिलो. जुनं रबर विरून गेलं होतं. करोनातल्या मास्कांची गोल इलॅस्टिक एका डब्यात साठवलेली होती, त्यातली दोन जोडून बरोबर ताण आला.

पाण्यात सोडायला कवठेमहांकाळकडं गेलो. तिथले एक द्राक्षबागायतदार माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या मोटारी मीच भरतो. शेततळं ३० मीटर बाय ३० मीटर, प्लास्टिकचा कागद घातलेलं. मोकळं माळरान, लांबवर ढालगावकडच्या पवनचक्क्या फिरताना दिसतात, त्यावरनं वारा कळतो. “दादा, तळ्यात उतरू नका बरं का, कागद लई घसरतो,” हे त्यांनी तीनदा बजावलं आणि काठाच्या खांबाला दोर बांधून फुगवलेली ट्यूब टाकून ठेवली. शेततळ्यावर जाणाऱ्या प्रत्येकानं हे करावंच. त्या कागदावर पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. पलीकडच्या काठावर माझी मुलगी उभी होती, हातात बांबू आणि बांबूच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचं गुंडाळं.

पहिल्यांदा वाऱ्याला तिरकी सोडली. ह्या चालीत सुकाणू सरळ बांधून ठेवायचं असतं, दोन्ही शिडांच्या तोलावर होडी चालते. दहा हात गेली, आणि नाक वाऱ्यात खुपसून उभी. शिडं फडफडायला लागली. परत सोडली, परत तेच. काठीच्या बुंध्याला डेकवर नऊ खाचांची पट्टी आहे, आणि पाचव्या खाचेभोवती जुन्या व्हार्निशचं काळपट कडं होतं, म्हणून मी काठी पाचवीतच रोवली होती. मग चूक कुठं? वारा होडीचं नाक सारखं स्वतःकडं ओढतोय, म्हणजे शिडांचा जोर फार मागं पडतोय. काठीच मागं झुकलेली असणार.

जुन्या तारा मी टाकल्या नव्हत्या. बिस्किटाच्या डब्यात एक एक वेगळी गुंडाळून, चिठ्ठी लावून ठेवल्या होत्या. पुढच्या ताणाची जुनी तार काढली. दोन्ही टोकांना हुकापाशी वळवल्याच्या पक्क्या खुणा होत्या. खुणेपासून खुणेपर्यंत ५२ इंच ३ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). माझी नवी तार ५२ इंच ५ सूत. दोन सूत जास्त, म्हणजे सव्वासहा मिलिमीटरच्या थोडं वर. सायकलच्या आऱ्याच्या आट्याला एका फेऱ्यात अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडं कमी सरकतं. चौदा फेरे द्यायचे होते. मागचा ताण एक फेरा सोडायचा, पुढचा एक आवळायचा, मग दोन्ही अंगांचे बघायचे. बांधावर उकिडवं बसून अर्धा तास गेला. द्राक्षबागायतदार दादा चहा घेऊन आले, तो गार झाला.

ह्या खेपेला ती आडवी झुकली, पाण्याची बारीक रेघ ओढत निघाली आणि वळलीच नाही. झोत आला की थोडी जास्त कलायची, नाक इंचभर वर घ्यायची, परत ओळीत यायची. तीस मीटर म्हणजे फार काही नाही, पण तेवढ्यात मला आबांचा गोदीतला फोटो आठवला, आणि मी मुलीला काहीतरी ओरडून सांगत होतो ते काय, हे आता आठवत नाही. तिनं बांबूनं मासोळीला अलगद थोपवलं.

परतीच्या चालीला वारा मागून. दामण पट्टीला जोडली. मुलगी म्हणाली, “पप्पा, तिसरंच कशाला? सगळी बघू या की.” बरोबर बोलली. पाचव्या भोकात अडकवलं तर प्रत्येक झोताला सुकाणू इतकं वळायचं, की ती नागमोडी पळत भलत्याच काठाला लागली. पहिल्यात ठेवलं तर सुकाणू जेमतेम हललं आणि ती वाऱ्याकडं वळून थांबली. दुसऱ्यात बरी, चौथ्यात थोडी अंगाबाहेर. तिसऱ्यात सोडली आणि ती माझ्या पायाशी, उभा होतो तिथंच आली. दोर भोकाच्या लांबट खोबणीत बरोबर बसलेला होता.

घरी येऊन तिला पुसली, शिडं उतरवून सावलीत वाळत घातली, ताण प्रत्येकी तीन फेरे सैल केले. झाकण उघडून आतलं पाणी स्पंजनं टिपलं. झाकणाच्या आत १९५८ च्या खाली थोडी जागा होती. तिथं शिसपेन्सिलीनंच लिहिलं: खाच ५, भोक ३, पुढची तार ५२ इंच ३ सूत. मुलीनं खाली तारीख घातली. मग कडेला ग्रीस लावून झाकण बसवलं.